पिकअपचा रोल बार चेसिसवर कसा उभा करावा

शेतात पिकअप कलंडते ती बहुतेक वेळा अगदी सावकाश. पावसाने भुसभुशीत झालेला बांध एका बाजूने खचतो, मागचं चाक चरात उतरतं, हौद्यातले कॅरेट त्या बाजूला सरकतात आणि मग गाडी कुणाच्या हातात राहत नाही. वेग ताशी दहा किलोमीटरसुद्धा नसतो. पण दीड-पावणेदोन टनांची गाडी आणि वर टनभर माल टपावर आला, की वेग कमी होता याचा फारसा उपयोग होत नाही. टपाचा पत्रा मिलिमीटरभरही जाड नसतो. तो आणि खिडक्यांचे खांब मिळून जेवढं पेलतील तेवढंच.

केबिनच्या मागे, हौद्यात, जाड पाईपची कमान उभी करायची आणि गाडी पालथी झाली तर तिचं वजन या कमानीने झेलायचं, ही रोल बारची कल्पना. पिकअपवर त्याचं दुसरंही एक काम असतं, आणि ते रोज घडतं. जोरात ब्रेक लागला की हौद्यातला माल पुढे झेपावतो. तो मागच्या काचेतून केबिनमध्ये येऊ नये म्हणून हीच चौकट आडवी उभी असते. पाण्याची मोटर, पाईपांचा भारा, लोखंडी नांगर वाहणाऱ्याला हे दुसरं कामच जास्त पटतं.

बाजारात चकचकीत स्टीलचे तयार बार मिळतात. त्यातले बरेचसे हौद्याच्या बाजूच्या पत्र्यावर चार बोल्टनी बसवलेले असतात. दिसायला दणकट, पण गाडी उलटताना तो बार पत्रा फाडून मोकळा होतो. पाईप जाड आहे की बारीक, हे सगळे विचारतात. तो पाईप कशावर उभा आहे, हे विचारलं पाहिजे. घरच्या वर्कशॉपमध्ये रोल बार करायचा तर निम्म्याहून जास्त डोकं पायथ्याशी लावावं लागतं.

वजनाखाली माणूस सापडू नये म्हणून चौकट उभी करायची, हे शहाणपण शेतातूनच आलं. स्वीडनने १९५९ मध्ये नव्या ट्रॅक्टरवर अशी संरक्षक चौकट सक्तीची केली आणि पुढच्या काही दशकांत ट्रॅक्टर उलटून होणारे मृत्यू तिथे जवळजवळ थांबले. ऑस्ट्रेलियातल्या खाणींमध्ये पिकअपला केबिनच्या मागे चेसिसवर घट्ट केलेली चौकट मागितली जाते. त्या चौकटी मोजून, दाबून, चाचणी घेऊन बनवतात. आपण गावात बनवणार त्याला अशी चाचणी नसते, म्हणून हिशेब जास्त काटेकोर ठेवायचा आणि काम झालं म्हणून उतारावर धाडस वाढवायचं नाही.

पहिलं काम एका सुतळीचं आहे. कमान जिथे उभी राहणार तिथे, तेवढ्याच उंचीची एक फळी किंवा बांबू हौद्यात धरा. त्याच्या टोकापासून बॉनेटच्या पुढच्या कडेपर्यंत सुतळी ताणायचा प्रयत्न करा. गाडी पूर्ण पालथी झाली तर ती साधारण या दोन ठिकाणी टेकणार. सुतळी टपाला अडते. टपाचा पुढचा भाग, काचेच्या वरची कड, त्या रेषेच्या बराच वर राहतो. त्याचा अर्थ असा की मागची एकटी कमान सगळं टप वाचवू शकत नाही. पुढचे खांब चेपणारच. कमान वाचवते ती मागची बाजू, म्हणजे सीटवर बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या मागची आणि थोडी वरची जागा. शिवाय गाडी कुशीवर पडते तेव्हा कमानीचा कोपरा आधी जमिनीला लागतो आणि पुष्कळदा गाडी तिथेच थांबते, पालथी होत नाही. शेतातल्या सावकाश कलंडण्यात हा फायदा फार मोठा आहे. त्यासाठी कमान टपापेक्षा चार-पाच सेंटिमीटर उंच आणि केबिनइतकी रुंद हवी. दोन्ही बाजूंना वीतभर आत घेतलेली अरुंद कमान कुशीवर पडताना जमिनीला लागतच नाही. आधी टप लागतं.

आता चेसिस. बोलेरो पिकअपसारख्या गाडीत खाली लोखंडी चेसिस असते, तिच्यावर केबिन रबरी माउंटिंगवर बसवलेली आणि हौदा स्वतंत्र बोल्टनी. केबिन आणि हौदा यांच्यात फट असते ती उगाच नाही. पुढचं एक चाक बांधावर चढवून गाडी उभी करा आणि त्या फटीकडे बघा. वरच्या बाजूला एका कोपऱ्यात फट वाढलेली दिसेल, दुसऱ्या कोपऱ्यात कमी झालेली. चेसिस पिळते, केबिन आणि हौदा आपापल्या दिशेने झुकतात. म्हणून कमान केबिनला कुठेही जोडायची नाही, टेकवायचीही नाही. मागच्या काचेपासून आणि टपाच्या कडेपासून किमान पाच सेंटिमीटर मोकळी ठेवायची. चाक बांधावर असतानाच हे अंतर मोजलं तर फसगत होत नाही. केबिनला वेल्डिंगने जखडलेली कमान काही महिन्यांत केबिनचा पत्रा तरी चिरते किंवा स्वतःचा टाका तरी.

पाईप घ्यायला गेलात की दुकानदार विचारतो, किती इंची? दीड इंची म्हटलं की ४० एनबीचा पाईप पुढे येतो. त्याचा बाहेरचा व्यास प्रत्यक्षात ४८.३ मिलिमीटर असतो, कारण पाण्याच्या पाईपचं माप नावापुरतं असतं. मध्यम वर्गात त्याची जाडी ३.२ मिलिमीटर, म्हणजे एक सूत, आणि वजन मीटरला साडेतीन किलोच्या किंचित वर. मोटरस्पोर्टची जागतिक संस्था एफआयए रॅलीच्या गाड्यांच्या मुख्य कमानीसाठी ४५ बाय २.५ किंवा ५० बाय २ मिलिमीटरचा, सांध्याशिवाय ओढलेला पाईप मागते. आपला दीड इंची पाईप मापाने या दोन्हींपेक्षा जाड आहे, पण पोलादाची जात तीच नसते, हे ध्यानात ठेवायचं. शक्य असेल तर आयएस ३०७४ चा, म्हणजे वाहनांसाठीचा पाईप मागा, किंवा आयएस ११६१ चा बांधकामाचा. पाण्याचा जीआय पाईप मात्र नको. त्यावरचा जस्ताचा थर वेल्डिंगच्या टाक्यात बुडबुडे सोडतो, आणि त्याचा पांढरा धूर श्वासात गेला की रात्री हुडहुडी भरून ताप येतो.

भरीव सळई का नको, असं विचारणारे भेटतात. याच पाईपच्या मीटरभर वजनात भरीव सळई घेतली तर ती जेमतेम २४ मिलिमीटर व्यासाची येते, आणि वाकण्याला तिचा विरोध पाईपच्या साधारण साडेतिनाव्या हिश्श्याइतका भरतो. लोखंड मध्यापासून जितकं लांब, तितकं ते वाकवायला कठीण. पाईपमध्ये सगळं लोखंड कडेलाच असतं.

कमान एका अखंड पाईपची असावी. कोपऱ्यात ४५ अंशात कापून वेल्ड केलेली चौकट करायला सोपी, पण कमान ढकलली जाते तेव्हा मोठा ताण नेमका वरच्या कोपऱ्यांत येतो, आणि तिथेच आपण टाका ठेवलेला असतो. म्हणून पाईप वाकवायचा. त्याला हायड्रॉलिक बेंडर लागतो. जवळच्या एमआयडीसीत किंवा बॉडी बांधणाऱ्याकडे तो मिळतो. वाकण्याची त्रिज्या पाईपच्या मध्यरेषेवर किमान व्यासाच्या तिप्पट ठेवायची, म्हणजे आपल्या पाईपला १४५ मिलिमीटरच्या वर, १५० सोयीची. वाकवल्यावर तिथे कॅलिपर लावून दोन दिशांनी व्यास घ्या. लहान माप मोठ्या मापाच्या नऊ दशांशापेक्षा कमी भरलं, तर पाईप चपटा झाला आहे आणि तो तुकडा दुसऱ्या कामाला ठेवायचा. आतल्या बाजूला सुरकुत्या दिसल्या तरी तेच. ईआरडब्ल्यू पाईपला लांबीभर शिवण असते. ती वाकाच्या आत किंवा बाहेर येऊ न देता बाजूला ठेवायची, तिथे ताण सर्वांत कमी.

गावाकडे पाईपमध्ये वाळू ठासून, भट्टीवर लाल करून वाकवण्याची जुनी रीत आहे. वाकतो चांगला. पण वाळू तव्यावर भाजून पूर्ण कोरडी केलेली असली पाहिजे. ओलसर वाळूची वाफ टोकाचं बूच गोळीसारखं उडवते.

लांबी काढताना कोपऱ्याची गोलाई विसरली की कमान उंच होते. समजा कमान १५०० मिलिमीटर रुंद आणि हौद्याच्या तळापासून ११०० उंच हवी, दोन्ही मापं पाईपच्या मध्यरेषेवर. १५० च्या त्रिज्येत एका काटकोनाला पाईप लागतो त्रिज्येच्या १.५७ पट, म्हणजे २३६ मिलिमीटर. मग उभे दोन भाग ९५०-९५०, आडवा १२००, आणि दोन वाक ४७२. एकूण ३५७२. पाईप सहा मीटरचा येतो. उरलेल्या तुकड्यात कमानीचे दोन पाय जोडणारी आडवी पट्टी निघते, पुढे येणाऱ्या तिरक्या पाईपांसाठी दुसरी लांबी घ्यावी लागते. वाकवताना पाईप सोडला की दोन-तीन अंश मागे येतो, तेवढा जास्त वाकवायचा. प्रत्येक वाकानंतर कमान सपाट फरशीवर ठेवून दोन्ही पाय एका पातळीत आहेत का ते बघा. फरशीवर डुगडुगणारी कमान गाडीत कधीच सरळ बसत नाही.

नुसती कमान आणि आडवी पट्टी, एवढ्यावर पुष्कळ जण थांबतात. इथे थोडं गणित मांडतो, कारण हा लेख लिहावासा वाटला तो याच जागेसाठी. वर सांगितलेल्या मापाची, खाली घट्ट बसवलेली कमान बाजूने वरच्या कोपऱ्यावर ढकलली, तर कागदावर साधारण सव्वाचारशे किलोच्या जोराला तिचे पाय कायमचे वाकायला लागतात. गाडी आहे दीड टनाच्या वर. म्हणजे कुशीवर पडताना गाडीच्या वजनाचा पाव हिस्सा आला, की ही चौकट तिरपी व्हायला लागली. आता त्याच कमानीत एका खालच्या कोपऱ्यापासून समोरच्या वरच्या कोपऱ्यापर्यंत त्याच पाईपचा एक कर्ण टाका. तोच जोर आता पाईपला वाकवत नाही, त्याच्या लांबीतून दाबतो किंवा ओढतो. पाईप वाकायला सोपा, पण सरळ दाबायला फार कठीण. कागदावर ही चौकट आता चार टनांच्या वर जाते. वाढलं काय, तर पावणेदोन मीटरच्या आसपास पाईप आणि सहा-सात किलो वजन.

खात्री करायची तर कमान नुसती टॅक मारून जमिनीवर उभी करा आणि कोपरा हाताने दाबा. ती हलताना दिसते. मग कर्ण टॅक करा आणि पुन्हा दाबा. त्यानंतर कुणाला समजावून सांगावं लागत नाही. कर्णामुळे मागच्या काचेतून दिसणं थोडं कमी होतं ही तक्रार खरी आहे. कर्णाचा वरचा कोपरा ड्रायव्हरच्या बाजूला घ्या. कमान तिथे जास्त भक्कम होते आणि बाहेरचे आरसे नीट लावले तर रिव्हर्स घेण्याची सवय लवकर होते. काच मोकळी हवी म्हणून कर्ण काढणं मात्र मला पटत नाही.

कमान पुढे-मागे झुकू नये म्हणून दोन तिरके पाईप मागे हौद्याच्या तळाकडे सोडायचे. ते कमानीच्या वरच्या कोपऱ्यांच्या शक्य तितक्या जवळून निघावेत, सरळ असावेत, आणि उभ्या रेषेशी त्यांचा कोन तीस अंशांपेक्षा कमी नको. ११०० उंचीला तीस अंश म्हणजे पाय सुमारे ६३५ मिलिमीटर मागे. कोन वाढवला तर आधार चांगला मिळतो, पण हौद्यातली जागा जाते, आणि कॅरेट रचणाऱ्याला तिथे दोन रांगा चुकतात. तीस ते चाळीस अंशांत दोन्ही साधतं. हे पाईप हौद्याच्या बाजूच्या पत्र्याला लगटून उतरवले तर कॅरेट त्यांच्या मधून बसतात. मालासाठी कमानीवर जाळी लावायची असेल तर ती वेगळ्या पट्ट्यांवर बोल्टने बसवा. मुख्य पाईपला जाळीसाठी भोकं पाडू नका.

आता पायथा.

वरच्या कोपऱ्यावर बाजूने गाडीच्या वजनाइतका, म्हणजे १.७ टनांचा जोर आला असं धरा. उंची १.१ मीटर, दोन पायांतलं अंतर दीड मीटर. एक पाय खाली दाबला जातो, दुसरा वर उचलला जातो, आणि उचलण्याचा जोर सव्वा टन भरतो. हौद्याच्या पत्र्यावर वायसर लावून कसलेला बोल्ट हे कसं पेलणार? बोल्ट तुटत नाही. ८.८ ग्रेडचा एम १२ बोल्ट तुटायला साडेसहा टनांच्या वर ओढ लागते. पत्रा मात्र ताटलीसारखा वर उचलतो, त्याच्या खालचे स्पॉटचे टाके सुटतात आणि सगळा पाय वर येतो. म्हणून प्रत्येक पायाची वाट चेसिसपर्यंत गेली पाहिजे.

हौदा चेसिसवर जिथे बसतो तिथे आडवे चॅनेल असतात आणि त्यांतून बोल्ट खाली उतरतात. कमानीचे पाय शक्यतो या आडव्या चॅनेलच्या डोक्यावर आणा. जागा सापडायला गाडीखाली झोपावं लागतं. टॉर्च घेऊन बघा: ब्रेकची नळी कुठून जाते, मागच्या दिव्यांची वायरिंग कुठे बांधली आहे, डिझेलची टाकी आणि सायलेन्सर कुठल्या बाजूला. खडूने वर हौद्यात त्याच्या खुणा करा. पुढे ड्रिल वरून खाली उतरणार असतं आणि ब्रेकच्या नळीला ते कळत नाही.

पायाला आठ ते दहा मिलिमीटर जाडीची प्लेट घ्या. १५० बाय १५० म्हणजे २२५ चौरस सेंटिमीटर. रॅलीच्या गाडीत पत्र्यावर बसणाऱ्या पायाला किमान १२० मागतात, तेव्हा हे भरपूर आहे. तेवढीच दुसरी प्लेट हौद्याच्या खाली, मध्ये पत्रा आणि चॅनेल. चार बोल्ट, एम १२, ८.८ ग्रेडचे. बोल्टच्या डोक्यावर ८.८ कोरलेलं असतं. पहिला आकडा म्हणजे चौरस मिलिमीटरला ८०० न्यूटनचा जोर सोसण्याची ताकद, दुसरा म्हणजे त्याच्या ८० टक्के जोरापर्यंत तो ताणून पुन्हा पूर्ववत होतो. डोकं कोरं असेल तर तो बोल्ट या कामाचा नाही.

चॅनेल आतून पोकळ असतो. त्यातून बोल्ट घालून पान्याने कसलं की तो चेपतो, बोल्ट ढिला राहतो आणि आपल्याला वाटतं घट्ट झाला. उपाय साधा: बोल्ट आत जाईल अशा जाड पाईपचा, चॅनेलच्या उंचीचा नेमका तुकडा कापून आत बसवायचा आणि बोल्ट त्यातून न्यायचा. मग कसलेला जोर त्या तुकड्यावर येतो. हा तुकडा अर्धा मिलिमीटर जरी आखूड राहिला तरी चॅनेल आधी चेपतो, म्हणून कानशीने घासून माप जुळवा. फिटिंगच्या कामात इतका वेळ खाणारा आणि इतका कामाचा दुसरा तुकडा नाही.

खालच्या प्लेटपासून चेसिसपर्यंत जाड एंगलचा ब्रॅकेट न्यायचा. चेसिसच्या वरच्या किंवा खालच्या ओठाला भोक पाडायचं नाही, आणि चेसिसला वेल्डिंगही करायचं नाही. चेसिसवर वाकण्याचा सगळा ताण त्या दोन ओठांत असतो. तिथलं भोक किंवा टाका पुढे चिरेचं तोंड होतं. कंपनीने हौद्यासाठी दिलेली भोकं वापरा. ती जुळत नसतील तर यू-बोल्टने चेसिसला मिठी मारा. पण चेसिस उघड्या सी-आकाराची असेल तर यू-बोल्टच्या जागी तिच्या आत लोखंडी ठोकळा अडकवा, नाहीतर कसताना ओठ आत वाकतात. बॉडी बांधणारे यासाठी लाकूड घालतात. सायलेन्सरच्या जवळ ते घालू नये.

वेल्डिंगचा क्रम असा ठेवावा, की गाडीत फक्त टॅक आणि पुरं वेल्डिंग जमिनीवर. प्लेटा बोल्टने जागेवर कसा, कमान त्यांवर उभी करा, ओळंबा आणि पाणसळ लावा, फट तपासा, आणि प्रत्येक सांध्याला तीन-चार टॅक मारा. त्याआधी बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढा, नाहीतर अल्टरनेटर आणि इंजिनचा कंप्युटर धोक्यात. अर्थिंगचा चिमटा सांध्याच्या अगदी जवळ, कमानीलाच लावा. मागच्या काचेवर ओली गोणी टाका. ग्राइंडरच्या ठिणग्या काचेत रुतून बसतात आणि मग निघत नाहीत. डिझेलची टाकी जवळ असेल तर पत्र्याचा आडोसा करा आणि पाण्याची बादली भरून ठेवा. टॅक झाल्यावर बोल्ट काढून सगळी चौकट खाली घ्या.

पाईपला पाईप जिथे भिडतो तिथे टोक सरळ कापून चालत नाही. त्याला दुसऱ्या पाईपच्या गोलाईत बसेल अशी खाच लागते. जाड कागद पाईपभोवती गुंडाळून, खाचेची रेघ त्यावर काढून, कापून, तोच साचा त्याच कोनात भिडणाऱ्या सगळ्या टोकांना वापरा. फट मिलिमीटर-दीड मिलिमीटरपेक्षा जास्त दिसली तर पुन्हा घासा. मोठी फट रॉडने भरून काढलेला टाका वरून फुगीर आणि आतून पोकळ निघतो. एक सुताच्या पाईपला अडीच मिलिमीटरचा ई ६०१३ रॉड, ७० ते ९० अँपिअर, चांगला पाझर देतो. पावसाळ्यात उघडं राहिलेलं रॉडचं पाकीट वापरू नका, ओलसर रॉड टाक्यात भोकं पाडतो. सांधा पूर्ण गोल भरा, पण एका दमात नाही. समोरासमोरचे पाव-पाव भाग घेत फिरा, म्हणजे कमान एकीकडे ओढली जात नाही. प्रत्येक थराचा स्लॅग ठोकून, वायर ब्रशने साफ करून मगच पुढचा थर.

आणि उरलेल्या तुकड्यांवर एक सांधा आधी करून बघा. तो हॅक्सॉने मधोमध चिरला की टाक्याचा रस पाईपच्या जाडीत किती उतरला ते कडेला स्पष्ट दिसतं. मग उरलेला अर्धा शिकंज्यात धरून घणाने हाणा. पाईप वाकला आणि टाका टिकला, तर करंट बरोबर आहे. टाका उकलला तर करंट वाढवा, रॉड बदला किंवा चांगल्या हाताच्या वेल्डरला बोलवा. झालेला टाका दिसायला छान व्हावा म्हणून ग्राइंडरने सपाट करू नका. आपण घातलेलंच लोखंड त्यात निघून जातं.

रंग देताना रेड ऑक्साइडचे दोन हात, वर फिका रंग. काळ्या रंगावर बारीक चीर दिसत नाही, पिवळ्या-पांढऱ्यावर गंजाची रेघ लगेच उमटते. उघडी टोकं बुजवून टाका.

सगळं मिळून चौकट पंचेचाळीस-पन्नास किलोंची होते. एवढं वजन उंचावर गेल्याने गाडीचा तोल फारसा बिघडत नाही. गुरुत्वमध्य दोनेक सेंटिमीटर वर सरकतो. टोमॅटोचे वीस-वीस किलोंचे कॅरेट टपाच्या वरपर्यंत रचले तर तो त्याच्या कितीतरी पट वर जातो. उतारावर जाताना माल खाली आणि बांधलेला ठेवणं, हे रोल बारच्या आधीचं संरक्षण आहे. सीटबेल्टचंही तसंच. कमान जागा राखते, माणसाला त्या जागेत धरून ठेवतो तो बेल्ट. बेल्टशिवाय माणूस दारातून अर्धा बाहेर येतो आणि गाडी त्याच्यावर पडते. शेतातल्या शेतात म्हणून बेल्ट न लावणाऱ्याने रोल बारवर खर्च करू नये, इतकं माझं मत स्पष्ट आहे.

हौद्यात मजूर बसवण्याला या चौकटीचा आधार मुळीच घेऊ नका. कमानीला धरून उभ्या राहिलेल्या बायका मी रोज बघतो. गाडी कलंडली की त्या बाहेर फेकल्या जातात आणि तीच कमान वरून येते. मालवाहू गाडीत माणसं नेणं कायद्यानेही गुन्हा आहे.

कायद्याचा दुसरा भागही आधी समजून घ्यावा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणीत लिहिलेल्या आणि कंपनीने ठरवलेल्या स्वरूपाला सोडून मालकाला गाडीत बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. पुढच्या बंपरवरच्या बुल बारविरुद्ध केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कारवाई करायला कळवलं होतं. तेव्हा गाडी रस्त्यावर जाणार असेल तर पाईप विकत घेण्याआधी चित्र काढून आरटीओत जा, लेखी विचारा, आणि विमा कंपनीलाही कळवा. चौकट बोल्टची ठेवण्याचा हा एक फायदा, नाही म्हटलं तर ती उतरवता येते.

गाडीवर चढवल्यावर बोल्ट टॉर्क पान्याने कसा, एम १२ ला ८० न्यूटन-मीटरच्या आसपास, नायलॉनचे लॉकनट लावून. प्रत्येक नट आणि प्लेट मिळून पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढा. नट फिरला तर रेघ तुटलेली दिसते. शंभरेक किलोमीटर चालल्यावर पुन्हा कसा, कारण मधला रंग आणि पत्रा दबतो. पुढे दर हंगामाला हौदा धुताना चार जागा बघा: पायाच्या प्लेटला लागून पाईपवरचा टाका, कर्णाची दोन्ही टोकं, तिरक्या पाईपांची वरची खाच, आणि खालून चेसिसवरचा ब्रॅकेट. रंगातून केसाएवढी तांबूस रेघ आलेली दिसली तर तिथला रंग खरवडा. खाली चीर निघाली तर वरून नवा टाका घालू नका. चीर ग्राइंडरने तळापर्यंत उघडा, तिच्या दोन्ही टोकांपलीकडे थोडं जा, मग भरा, आणि त्या पायाचे बोल्ट, आतले तुकडे आणि पलीकडचा पाय पुन्हा तपासा. चीर एका पायाला आली तर बहुधा दुसऱ्या पायाचा बोल्ट ढिला झालेला असतो.